आमची वाटचाल : टेपवाल्यापासून अ‍ॅम्पवाल्यापर्यंत

कराडमध्ये वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा 'कार ऑडिओ' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. लोक आम्हाला टेपवाले म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणजे मारुती 800, पद्मिनी आणि वडापच्या (गावोगावी प्रवासी नेणाऱ्या खाजगी) जीपा. माल मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचा. त्या वेळच्या बऱ्याच टेपना स्पीकरकडे एकच वायर न्यायची आणि दुसरी जवळच्या स्क्रूखाली, बॉडीला आवळायची. काम झटपट उरकायचं.

पुढे जास्त पॉवरचे टेप आले आणि ही पद्धत अंगाशी यायला लागली. या टेपमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी आउटपुटच्याच असतात. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा, सहा-सात व्होल्ट डीसी उभा असतो. त्यातली एक बॉडीला लावली की आयसी, म्हणजे टेपमधली आवाजाची चिप, स्वतःला बंद करतो, नाहीतर जळतो. असे 'खराब' टेप आसपासच्या गावांतून आमच्याकडे यायला लागले. निम्म्यांना काहीच झालेलं नसायचं, फक्त स्पीकरच्या नव्या वायरी ओढाव्या लागायच्या. धंद्याला खरी उभारी तिथून आली.

त्यानंतर वॉटचं वेड आलं. खोक्यावर '50 × 4' छापलेलं असतं, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॉट. गाडी चालू असताना बॅटरीवर 14.4 व्होल्ट धरा. त्यातून 4 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला कागदावरसुद्धा 26 वॉटच्या पुढे स्वच्छ आवाज मिळत नाही, प्रत्यक्षात अठरा-वीस. अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारं वेगळं यंत्र) लागतो तो यासाठी. तो बारा व्होल्ट आतल्या आत चढवून घेतो. हे गणित मी काउंटरवर कागदावर मांडून दाखवतो. काही गिऱ्हाइकं तरीही खोकंच बघून घेतात, त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्रिजिंगचा, म्हणजे अ‍ॅम्पचे दोन चॅनेल (स्पीकरला जाणाऱ्या दोन वाटा) मिळून एकच वूफर, जाड आवाजाचा मोठा स्पीकर, चालवण्याचा. एका वडापवाल्याची तक्रार होती, "मालक, उंब्रज येईस्तोवर गाणं बंद पडतंय. अ‍ॅम्पवर लाल दिवा लागतोय." अ‍ॅम्प दोन चॅनेलचा, ब्रिज केलेला : एका चॅनेलचा प्लस, दुसऱ्याचा मायनस. एक चॅनेल ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, म्हणून वूफरला दुप्पट व्होल्टेज मिळतं. पण प्रत्येक चॅनेलला वूफरचे निम्मेच ओहम दिसतात. याचा वूफर दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारं तारेचं वेटोळं), प्रत्येक कॉइल 4 ओहमची, आणि दोन्ही पॅरललमध्ये, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडलेल्या. म्हणजे वूफर झाला 2 ओहमचा आणि प्रत्येक चॅनेलवर भार पडला 1 ओहमचा. ओहम जितके कमी तितका करंट जास्त, आणि अ‍ॅम्प तापून बंद. अ‍ॅम्पच्या पाठीवर मात्र 'ब्रिज, कमीत कमी 4 ओहम' असं स्वच्छ छापलेलं होतं. पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडला, वूफर 8 ओहमचा झाला.

"आवाज जरा कमी झाला की हो!"

"झाला. पण आता कोल्हापूरपर्यंत वाजंल."

तेव्हापासून आमच्याकडे वूफर आला की आधी त्याला मल्टिमीटर लागतो. 4 ओहमच्या कॉइलला मीटर साधारण साडेतीन दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्पीकरचा प्लस कुठला ते दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघतो, कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, बाहेर आला की प्लस सापडला. मोठा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवतो आणि अर्थची (मायनसची) वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर देतो. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर आम्ही ठेवत नाही, त्यावरून गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता नव्या गाड्यांचा कंपनीचा स्क्रीन काढताच येत नाही. मग त्याच्याच स्पीकर लाइनवरून अ‍ॅम्पला सिग्नल घेतो, तोही कपलर (मधे बसणारा तयार प्लग) लावून. मूळ वायर कापत नाही. वूफरचे बॉक्स 18 एमएमच्या एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) धाकटा भाऊ मागच्या शेडमध्ये बनवतो. बॉक्स हवा असेल तर गाडीच घेऊन या, डिकीची फोनवर सांगितलेली मापं जमत नाहीत.