लॅपटॉप अचानक बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, फॉरमॅट मारून टाक. मलापण हेच सांगितलं गेलं आणि मी ते केलं नाही, कारण विंडोजमध्ये काही बिघडलं तर ती शक्यतो सांगून पडते, निळी स्क्रीन येते, एरर कोड दिसतो, नाहीतर सगळं हँग होऊन बसतं. माझा लॅपटॉप चालू कामात खटकन काळा व्हायचा, पंख्याचा आवाजपण त्याच क्षणी बंद, म्हणजे सरळ करंटच तुटत होता, आणि त्यावर फॉरमॅट मारून काय होणार? फक्त निळी स्क्रीन क्षणभर येऊन स्वतःच रिस्टार्ट होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सिस्टमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा म्हणजे स्क्रीन थांबते आणि कोड वाचता येतो.

आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल (४१ हा इव्हेंट आयडी, म्हणजे नोंदीचा क्रमांक) आणि बरेच जण ते लाल क्रिटिकल बघून घाबरतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, आणि ही नोंद पुन्हा चालू झाल्यावर होते, त्यामुळे कारण त्यात लिहिलेलं नसतं. तरी त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर कोड, बघाच. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक पॉवर किंवा उष्णता. १०७४ क्रमांक दिसला तर मात्र कोणत्यातरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर बंद केलंय, ते कारण तिथेच नाव घेऊन लिहिलेलं असतं. ६००८ मध्ये बंद पडल्याची वेळ मिळते, ती मला सगळ्यात कामाची वाटली, कारण तेव्हा आपण काय करत होतो, चार्जर लावलेला होता का, हे आठवून बघता येतं.

माझ्या बाबतीत उत्तर तिथेच होतं. चार्जर लावला की दिवसभर काही नाही, चार्जर काढून व्हिडिओ कॉल लावला की चाळीस टक्के दाखवत असताना खलास. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून स्पेस देऊन /बॅटरीरिपोर्ट टाकलं (अर्थात इंग्रजी अक्षरांत), त्याची एक फाइल बनते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) एक्केचाळीस हजार मिलिवॅट-अवरच्या वर आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची) अठरा हजारांच्या आत. म्हणजे बॅटरी निम्मीपण राहिली नव्हती, आणि खालच्या बाजूला टक्केवारी चाळीसवरून सरळ तळाला उतरलेली.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. टक्केवारी हा अंदाज असतो. सेल जुने झाले की त्यांचा आतला रेझिस्टन्स वाढतो, हलकं काम चालू असेल तोपर्यंत चालून जातं, पण प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज धप्पकन खाली येतं आणि बॅटरीचं प्रोटेक्शन सर्किट पुरवठा तोडतं. विंडोजला लो बॅटरीची सूचना द्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. म्हणून "चार्ज तर होता की" हे म्हणणं खरं असूनही लॅपटॉप बंद पडतो.

चार्जर लावूनही, आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करतानाच बंद पडत असेल तर मात्र आधी उष्णतेवर संशय घ्या. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघत बसा, बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोचायला लागला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला मशीनच बंद करतो. एका मैत्रिणीचा लॅपटॉप आम्ही उघडला तर बाहेरून जाळी एकदम स्वच्छ, पण पंखा काढल्यावर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या मधे धुळीचा करड्या कांबळ्यासारखा पट्टा बसलेला, चिमटीत धरून अख्खा निघाला. बाहेरून हवा मारून तो निघालाच नसता. साफ करताना पंख्याला बोटाने धरा, हवेने गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होऊ शकतं. पंखा काढलाच आहे तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पण बघा, वाळून भुगा झाली असेल तर नवीन लावा.

बाकी रॅम खराब आहे का ते बघायला विंडोजमधलंच मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. चार्जरचे वॅट मूळ चार्जरएवढे आहेत का बघा, ६५ वॅटच्या मशीनला ४५ चा लावून कामाचा लोड आला की तूट बॅटरीतून भरली जाते, आणि बॅटरीपण थकलेली असेल तर संपलंच. चार्जरची पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल तर जॅक सैल झालाय.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर बाकी सगळं तपासणं सोडा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका, लिथियमला आग लागते आणि ती सहज विझत नाही. ज्याला हे काम येतं त्याच्याकडूनच ती काढून घ्या.

माझी बॅटरी बदलल्यावर प्रश्न सुटला, आता चार्जरशिवाय कॉल चालतो आणि कमी झाली की आधी सूचना येते. तुमचं हे सगळं तपासून झालं आणि तरीही बंद पडत असेल तर मदरबोर्डच्या पॉवर सर्किटकडे संशय जातो, ते घरी होण्यासारखं नाही. दुरुस्तीला देताना ६००८ च्या वेळा आणि तेव्हा काय चालू होतं ते कागदावर लिहून द्या, समोरच्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि त्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, कारण प्रत्येक वेळी असं खटकन बंद होताना फाइल अर्धवट लिहिली जायची भीती असतेच.