जातीचा रकाना आणि भिंतीवरची अळी

न्हाणीघराच्या भिंतीवर, कोळिष्टकाच्या खाली, भोपळ्याच्या बीसारखे चपटे, राखाडी आणि दोन्ही टोकांना निमुळते असे काहीतरी चिकटलेले असे. मी ते कैक वेळा झाडूने पाडले होते. एके दिवशी ते सरकताना दिसले. भिंग लावले, तर एका टोकातून गडद तपकिरी डोके आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर आल्या होत्या. बोट आडवे धरताच डोके आत गेले आणि थोड्याच वेळात दुसऱ्या टोकातून डोकावले. रेशमात धूळ, वाळू आणि केस गुंफून केलेले हे सेंटीमीटरभराचे घर मध्यभागी रुंद असते, म्हणून अळीला आतल्या आत वळता येते. लोकरी कपड्यांना लागणारी कसर ज्या टिनिइडी कुळातली, त्याच कुळातला हा फेरिओइका नावाचा पतंग, एवढे कळायला एक संध्याकाळ पुरली.

खरा ताप पुढे झाला. कीटकांच्या एका नोंदसंग्रहाकडे मी छायाचित्रे पाठवली आणि पाच आठवड्यांनी उत्तर आले, की केवळ घरावरून जात ठरत नाही, प्रौढ पतंग हवा. हे अर्जावरच छापले असते तर माझे पाच आठवडे वाचले असते. मग अळी बरणीत ठेवली. तिला दमट हवा लागते हे ठाऊक नसल्याने पहिली अळी घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत वाळून गेली. दुसरीसाठी ओला कापूस आणि तोंडाला जाळीदार कापड बांधले. तिचे मुख्य खाणे म्हणजे जुनी कोळिष्टके, तेव्हा घरातली जाळी आधीच काढून टाकू नयेत. काही दिवसांनी ती काचेवर चढली, घराची दोन्ही टोके रेशमाने चिकटवली आणि सोळाव्या दिवशी दुपारी कोषाची साल अर्धी बाहेर लोंबताना दिसली.

पतंग राखाडी, पसरलेल्या पंखांसह जेमतेम सेंटीमीटरभर. पुढच्या पंखांवर गडद ठिपके, मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांची झालर. प्रौढ काहीही खात नाही, त्यामुळे मी कौतुकाने ठेवलेले साखरपाणी व्यर्थ गेले. छायाचित्रे काढून मी त्याला सोडून दिले, आणि तिथेच चुकलो.

कारण पुढचे उत्तर असे, की 1892 मध्ये रेबेल यांनी वर्णिलेली अल्युटेला आणि 1897 मध्ये वॉल्सिंगहॅम यांनी वर्णिलेली युटेरेला या जाती छायाचित्रावरून वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणून मेलेला पतंग कागदाच्या घडीत जपून ठेवावा. जातीचा रकाना कोरा ठेवला, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. प्रश्नचिन्ह टाकले, तरी परत. शेवटी वैतागून मी त्यात 'फेरिओइका, जात अनिश्चित' असे लिहिले आणि अर्ज दुसऱ्याच दिवशी स्वीकारला गेला. एवढे तीन शब्द चालतात, हे तोवरच्या एकाही उत्तरात नव्हते.