दंडाची पावती फाडण्याआधी

साथीत कुणी नियम मोडला की 'लोकांना अक्कल नाही' म्हणून आपण मोकळे होतो. अक्कल काढण्याआधी तो नियम पाळायला काय काय लागतं ते बघावं.

कोविडमधलं चौदा दिवसांचं विलगीकरणच बघा. स्वतंत्र खोली, जमल्यास वेगळं शौचालय, दाराशी जेवण ठेवणारं कुणीतरी आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई सोसायची ऐपत. हातावर पोट असलेला माणूस तिसऱ्या दिवशी बाहेर पडणारच. ब्रिटनमध्ये २०२०-२१ मध्ये पुन्हा पुन्हा पाहणी झाली. लक्षणं दिसली तर घरीच थांबू, असं बहुतेकांनी सांगितलं. प्रत्यक्षात लक्षणं आल्यावर पूर्ण मुदत थांबले निम्म्याहून कमी. पैशांची ओढाताण असलेले आणि घरात लहान मुलं असलेले यांना ते जास्त जड गेलं. अशांना दंड ठोकला तर पुढच्या वेळी ते चाचणीच टाळतात, म्हणजे होता तो मागही हातचा जातो.

दुसरी अडचण, चुकीचा परिणाम डोळ्यांसमोर येत नाही. कोविडची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागायचे, कधी चौदाही. आणि त्याआधी एक-दोन दिवस माणूस संसर्ग पसरवत असायचा. गर्दीत जाऊन आलेला स्वतः ठणठणीत, आजारी पडतो भलताच कुणी. नियमांमुळे साथ आटोक्यात आली, तर 'उगाच बाऊ केला' हे ऐकायचंच.

विश्वासाचं तर विचारूच नका. निरोगी लोकांनी सरसकट मास्क वापरावा, असं जागतिक आरोग्य संघटना एप्रिल २०२० मध्ये म्हणत नव्हती. ५ जूनला सल्ला बदलला. बदलण्यात गैर काहीच नाही, पण कारण त्याच दमात लोकांच्या गळी उतरलं नाही, तर 'यांनाच कळत नाही' असं होतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत १९१८ च्या फ्लूच्या साथीत मास्कची सक्ती होती आणि बॉक्सिंगच्या सामन्यात विनामास्क सापडलेल्या खुद्द महापौरांना दंड भरावा लागला. १९१९ च्या जानेवारीत सक्ती परत आली, तेव्हा तिथे मास्कविरोधी संघटनाच उभी राहिली.

नाकाखाली आलेला मास्क मात्र बऱ्याचदा बंड नसतंच. वरच्या कडेतली तार नुसती चिमटीत धरून भागत नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून गालांकडे दाबत न्यावी लागते. नाहीतर श्वास वरून निसटतो, चष्म्यावर वाफ धरते. घड्या हनुवटीखालपर्यंत उघडल्या नाहीत, तर बोलताना जबड्याबरोबर मास्क खाली ओढला जातो. ओला झाला की श्वास जड होतो, मग बदलायला दुसरा हवा. पावती पुस्तक घेऊन उभ्या असलेल्याकडे मास्कचा गठ्ठाही द्यावा.