पहिल्या बेसपर्यंत

त्या दिवशी सकाळी मी एका पेशंटच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘वेदनेची तक्रार जास्त, प्रयत्न कमी.’ आम्हा फिजिओथेरपिस्टना रोज लिहावंच लागतं. कोण किती पावलं चाललं, उठताना किती आधार लागला, किती मिनिटांनी बसावंसं वाटलं. पंधरा वर्षं पिट्सबर्गमध्ये हेच काम करतेय, त्यामुळे हात आपोआप चालतो. दुपारी मला ते वाक्य मागे घ्यावं लागलं. कॉम्प्युटरवरच्या नोंदीत खोडता येत नाही, खाली दुरुस्ती जोडावी लागते. ती मी जोडली. काही वर्षांपूर्वीची, १३ ऑक्टोबरची ही गोष्ट.

पेशंट सत्तरी ओलांडलेले, जन्मभर पोलादाच्या कारखान्यात काम केलेले. मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. तळघराच्या जिन्यावरून पडले, उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी आमच्याकडे आले. खुब्याचे पेशंट साधारण आठवड्याभरात वॉकर धरून खोलीबाहेर येतात. हे आमच्याकडच्या नवव्या दिवशीही चार पावलांच्या पुढे जाईनात. उभं केलं की चेहरा पांढराफटक. ‘इथे दुखतं’ म्हणत हात मागे कंबरेखाली न्यायचे. पुन्हा एक्स-रे काढला होता, खुबा जागच्या जागी होता. एकदा एक्स-रे स्वच्छ आला की दुखणाऱ्या माणसाकडे बघायची सगळ्यांची नजर बदलते. माझीही बदलली होती.

इथे रीहॅबमध्ये राहायचं तर दिवसाला साधारण तीन तास व्यायाम झेपायला हवा, असा विम्याचा हिशेब असतो. नाही झेपला तर पेशंटची रवानगी नर्सिंग होममध्ये. आजोबांबद्दल ठरवायची मीटिंग त्याच दिवशी चार वाजता होती.

पण सकाळपासून आजोबांना चिंता वेगळीच. “आज तेरा तारीख. मी दरवर्षी भिंतीपाशी असतो.”

ही भिंत ओकलंड भागात आहे, आमच्या हॉस्पिटलपासून फार लांब नाही. फोर्ब्स फील्ड हे बेसबॉलचं जुनं मैदान १९७० मध्ये बंद झालं, पुढे पाडलं, तिथे विद्यापीठाच्या इमारती आल्या. विटांच्या कुंपणभिंतीचा एक तुकडा तेवढा उरला. १९८५ साली एक माणूस एकटाच टेप घेऊन तिथे येऊन बसला आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्याचं रेडिओ समालोचन त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आता दर १३ ऑक्टोबरला तिथे गर्दी जमते. सामना सुरू झाला होता त्याच वेळी रेकॉर्डिंग लावतात, म्हणजे पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीचा सामना जिंकून देणारा होम रन (आपल्या षटकारासारखा कुंपणापार फटका) ३ वाजून ३६ मिनिटांनी, मूळच्या वेळेलाच, ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकीजनी त्या मालिकेत एकूण ५५ धावा केल्या, पिट्सबर्गच्या पायरेट्सनी २७. तरी मालिका पायरेट्सनी जिंकली. शेवटचा सामना १०–९. या गावात हे आकडे माणसं घरच्या वाढदिवसांसारखे सांगतात.

मी म्हटलं, “तुमची वेळ पावणेतीनची आहे. मोबाइलवर लावते. होम रनपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू.”

“होम रनसाठी मी जात नाही,” आजोबा म्हणाले. “मी आठव्या डावासाठी जातो. क्लेमेंटेसाठी.”

व्यायामाच्या हॉलमध्ये त्या दुपारी शेजारच्या कॉटवर गुडघा बदललेले एक निवृत्त बसचालक होते. पायरेट्सच्या क्लेमेंटेचं नाव निघालं आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. “सर्वांत मोठा जॉश गिब्सन. माझ्या वडिलांनी पाहिलाय.” मग दोघांची जुंपली. मी एकाचा गुडघा वाकवत होते आणि दुसऱ्यांना कॉटच्या कडेला बसवत होते.

गिब्सन याच शहरात खेळला, होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या संघांकडून. गोऱ्यांच्या लीगची दारं बंद होती. जानेवारी १९४७ मध्ये तो गेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ती दारं उघडली. “तीन महिने!” बसचालक म्हणाले. “आणि तुम्ही मला आकडे विचारता? त्याचे आकडे धड कुणी लिहूनच ठेवले नाहीत.” पुढे २०२४ मध्ये त्या लीगचे सापडतील तेवढे आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले आणि .३७२ च्या सरासरीने, म्हणजे हजार प्रयत्नांत ३७२ यशस्वी फटके या हिशेबाने, गिब्सन कारकिर्दीच्या यादीत पहिला आला. ती बातमी वाचली तेव्हा मला बसचालकांचा तो आवाज आठवला.

आजोबांना गिब्सन अमान्य नव्हता. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. रोबर्टो क्लेमेंटेचे आकडे सगळे लिहिलेले आहेत, तरी खरा माणूस त्यात येत नाही. १८ हंगाम, सगळे पायरेट्सकडे. सरासरी .३१७, चार वेळा लीगचा सर्वोत्तम फलंदाज, क्षेत्ररक्षणासाठीचे १२ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, बरोबर ३००० हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. होम रन मात्र २४०च, आणि होम रनवर माणूस मोजणाऱ्यांना तो आकडा लहान वाटतो.

“त्याचा हात बघायला हवा होतास पोरी,” ते म्हणाले. राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूच्या, कोपऱ्यातून तो चेंडू थेट तिसऱ्या बेसवर फेकायचा, टप्पा न पडता. अशा फेकीवर गडी बाद झाला की खात्यात एक आकडा चढतो, तसे त्याचे अडीचशेच्या वर आहेत. “पण त्याचा हात बघून जे पळालेच नाहीत, ते कुठे लिहिलेत?”

मला माझे बाबा आठवले. तेही एकनाथ सोलकरबद्दल असंच बोलायचे. २७ कसोटींत ५३ झेल हा आकडा ते सांगायचेच, १९७१ मध्ये ओव्हलवर अॅलन नॉटचा सूर मारून घेतलेला झेलही सांगायचे. पण आवाज चढायचा तो पुढच्या वाक्याला. सोलकर शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला की समोरचा फलंदाज बेदीला पाय पुढे टाकून खेळायचाच नाही. तो न टाकलेला पाय कुठल्या स्कोअरबुकात असतो? आजोबांना हे सांगितलं. क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसलेल्या त्या माणसाने गंभीरपणे विचारलं, “त्याला हेल्मेट नव्हतं?” आणि नाही म्हटल्यावर बराच वेळ मान हलवत राहिले.

इतक्यात मोबाइलवर आठवा डाव आला. हॉल शांत झाला.

पायरेट्स ४–७ ने मागे. एक चेंडू खडा लागून उसळला आणि यांकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला, तिथून डाव फिरू लागला. ५–७. दोन गडी बाद, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पायरेट्सचे धावपटू, आणि क्लेमेंटे फलंदाजीला. आजोबांनी हात वर करून मला थांबवलं आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गोल फिरवली. “तो असं करायचा. प्रत्येक वेळी.”

१९५४ च्या अखेरीस प्वेर्तो रिकोत एका दारू प्यालेल्या ड्रायव्हरने त्याच्या गाडीला धडक दिली होती. मणक्यातल्या चकत्या दुखावल्या त्या कायमच्या. पहिला हंगामही अजून खेळायचा होता. म्हणजे अख्खी कारकीर्द त्याने ती पाठ आणि ती मान घेऊन काढली. विचारलं की लपवायचा नाही, दुखतंय म्हणून सांगायचा. त्यावर वर्तमानपत्रवाले त्याला आजाराचं सोंग घेणारा म्हणायचे. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं दिसावं म्हणून त्याचे उच्चार जसेच्या तसे छापायचे, रोबर्टोचं ‘बॉब’ करायचे. १९६० च्या विजयानंतर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याला आठव्या क्रमांकावर टाकलं. तो ते विसरला नाही.

“तो दुखतंय म्हणायचा आणि जीव तोडून पळायचा,” आजोबा म्हणाले. “लोकांना वाटायचं, दोन्हीपैकी एकच खरं असणार.”

समालोचकाचा आवाज चढला. क्लेमेंटेच्या बॅटला चेंडू जेमतेम लागला होता, पहिल्या बेसच्या बाजूला संथ टप्पे खात गेलेला. दहातले नऊ जण असा फटका बसला की मान खाली घालून अर्ध्या जोराने पळतात, कारण चेंडू आपल्याआधी बेसवर पोचणार आणि आउट ठरलेलाच असतो. यांकीजच्या स्कॉरनने चेंडू अडवला. पण तो घ्यायला बेसवर पोचायचं काम पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं होतं, आणि पिचर कोट्स तिथे नव्हता. क्लेमेंटे होता. एक धाव आली, ६–७, डाव जिवंत राहिला आणि पुढच्याच हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारला. स्कोअरबुकात क्लेमेंटेच्या नावावर एक साधी हिट. दुसऱ्या दिवशी सगळं जग मॅझरॉस्कीचं झालं. मॅझरॉस्कीचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण तो फटका मारायची वेळ ज्या धावेमुळे आली, ती मला त्या दिवसापासून विसरता येत नाही.

आणि याच क्षणी मला ते दिसलं.

आजोबा कॉटच्या कडेला बसून ऐकत होते. माझ्याकडे लक्ष नाही, दुखण्याकडेही नाही. सगळा भार त्यांनी एका बाजूला टाकला होता, आणि ती बाजू होती उजवी. ऑपरेशन झालेली. डावा कुल्हा कॉटवरून दोन बोटं उचललेला, हाताच्या तळव्यावर तोललेला. खुबा दुखणारा माणूस दुखऱ्या खुब्यावर बसत नाही. नऊ दिवस मी त्यांना उभं करत होते, चालवत होते, उजव्या पायाकडे बघत होते. ते नुसते बसलेले असताना मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

होम रन होईपर्यंत थांबले. ३:३६ झाले, शेजारच्या बसचालकांनीही टाळ्या वाजवल्या. मग आजोबांना कुशीवर झोपवलं आणि कंबरेखालच्या सपाट त्रिकोणी हाडावर, मधल्या रेषेच्या डावीकडे, अंगठ्याने हलकेच दाबलं. त्यांचा श्वास अडकला. उजवीकडे तेवढंच दाबलं, काही नाही. पुन्हा डावीकडे. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“इथेच दुखतं म्हणत होतात तुम्ही,” मी म्हटलं.

“पहिल्या दिवसापासून.”

चार वाजता मीटिंगमध्ये मी मत बदललं. डॉक्टरांना म्हटलं, ते त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, तपासून हवं, साध्या एक्स-रेत तिथली बारीक चीर बऱ्याचदा दिसत नाही, ठिसूळ हाडांच्या माणसात तर हमखास निसटते. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. डाव्या बाजूला चीर होती, त्याच पडण्यातली. मोडका उजवा पाय सांभाळायला आम्ही नऊ दिवस त्यांना डाव्यावर भार द्यायला लावत होतो.

माफी मी मागितली. कॉटशेजारच्या खुर्चीत बसून, शांतपणे. ते म्हणाले, “पोरी, तू आठवा डाव लावलास,” आणि विषय बदलला. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आजोबा राहिले. औषधं बदलली, भार टाकायचं प्रमाण बदललं, आठवडाभर फक्त कॉटवरचे व्यायाम. त्या काळात त्यांनी मला बाकीचा क्लेमेंटे सांगितला. १९७१ ची वर्ल्ड सिरीज, वय ३७, सरासरी .४१४. साठ सालासारखंच सातही सामन्यांत हिट. जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर इंग्रजीच्या आधी स्पॅनिशमध्ये बोलून त्याने आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. हे ऐकताना माझे डोळे भरून आले. परक्या देशात, परक्या भाषेत उभं राहून काम करणाऱ्यालाच त्यातलं काय ते कळेल. मग ३० सप्टेंबर १९७२, तीन हजारावी हिट. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, पाठवलेली मदत तिथले सैनिक लुबाडतात असं कानावर आलं, म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतःच सामान घेऊन निघाला. जास्त भरलेलं विमान सान हुआनजवळ समुद्रात पडलं. ३८ वर्षांचा होता. पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं.

“मेला म्हणून मोठा झाला असं कुणी म्हटलं की मला राग येतो,” आजोबा म्हणाले. “मी तेरा वर्षांचा होतो, तेव्हाच तो मोठा होता. त्या घरंगळत्या चेंडूवर पळाला तेव्हा.”

घरी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला टेप आणायला सांगितली. होम प्लेटपासून पहिला बेस ९० फूट. आमचा कॉरिडॉर तेवढा लांब आहे. मी फरशीवर दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. बसचालक केव्हाच घरी गेले होते, पण फॉलो-अपला आले होते ते खुर्ची घेऊन शेवटच्या पट्टीजवळ बसले.

आजोबांनी वॉकर धरला, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली आणि निघाले. मी अर्धं पाऊल मागे, हात कमरेच्या पट्ट्यावर. साठ फुटांशी ते थांबले.

“दुखतंय?”

“दुखतंय,” म्हणाले, आणि पुढचं पाऊल टाकलं.

वॉकरचे पुढचे पाय पट्टीवर आले तेव्हा मी म्हटलं, पोचलात. त्यांनी मान हलवली. वॉकर थोडा पुढे सरकवला आणि डावा पाय उचलून, सावकाश, चिकटपट्टीच्या मधोमध ठेवला.