समेवर पाय

बॅडमिंटनच्या क्लासला नवीन मूल आलं की पालक बहुधा विचारतात, स्मॅश कधी शिकवणार? त्या दिवशी आलेल्या आई मात्र म्हणाल्या, "सर, हिचं फूटवर्क पक्कं आहे. लहानपणापासून कथक करतेय."

मी तिला कोर्टवर घेतलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात शटल टाकू लागलो. पाय विलक्षण वेगात चालत होते, तरी ती दर वेळी अर्धं पाऊल मागे पडत होती. शिवाय प्रत्येक पावलाचा दणदणीत आवाज! शेजारच्या कोर्टवरची मुलं वळून बघायला लागली.

तत्कारात, म्हणजे कथकच्या मूळ पदन्यासात, अख्खा तळवा जमिनीवर पडतो. घुंगरांतून प्रत्येक बोल स्वच्छ निघायला हवा आणि वरचं अंग स्थिर हवं. आमच्याकडे पाय चालवायचे ते अंग हलवायला. एकेरीत आपल्या बाजूचं ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद कोर्ट एकटीनं सांभाळायचं, वजन चवड्यांवर ठेवून. क्रिकेटमधून आलेली मुलं पुढचा पाय छान टाकतात, पण फटका मारून तिथेच थांबतात. परत मध्यावर यायची त्यांना सवय नसते. या सगळ्याला आपण फूटवर्कच म्हणतो.

मग तिला स्प्लिट स्टेप दाखवली. समोरचा शटल मारतो त्याच सुमारास छोटीशी उडी घ्यायची आणि लगेच सुटायचं.

"म्हणजे त्यांचा फटका ही सम, तालाची पहिली मात्रा?"

"अगदी बरोबर."

ती जरा थांबली. "पण सर, इथे मात्रा कशा मोजायच्या? सम कधी येईल ते कळतच नाही."

"मोजायच्या नाहीत. त्याच्या रॅकेटवर नजर ठेव."

"मग हे सवाल-जवाबासारखं झालं. तबलजी काय वाजवतोय तिकडे लक्ष ठेवायचं."

इतक्या वर्षांत हे मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. पुढच्या रॅलीत तिची उडी वेळेवर पडायला लागली. उजवीकडे सुटायचं तर डावा पाय किंचित आधी टेकतो, हेही तिनं न सांगता उचललं. नेटजवळच्या लंजमध्ये, म्हणजे लांब टाकलेल्या शेवटच्या पावलात, टाच आधी टेकवायला इतरांना महिने लागतात, हिला एडीचं काम आधीच येत होतं. चवड्यावर राहणं मात्र जमेना. थकली की तळवा पुन्हा सपाट.

निघताना आईंनी विचारलं, "कथक बंद करू का?"

"अजिबात नको," मी म्हटलं. "फक्त तत्कारचा मोठा रियाज आणि आमचा सराव एकाच दिवशी ठेवू नका, नडग्या दुखतील." तिच्या गुरूंना तिथूनच फोन लावला आणि वार वाटून घेतले.