पुण्याहून जर्मनीला प्रेझेंटेशन देताना

श्टुटगार्टला आल्यापासून माझा निम्मा दिवस पुण्याच्या टीमबरोबर स्क्रीनवर जातो. हिंजवडीतली ही मुलं-मुली कामात पक्की आहेत, इंग्रजीही उत्तम बोलतात. तरी त्यांची महिनाभराची मेहनत इकडे पोचता पोचता अर्धी होते, आणि ते बघताना मला मनापासून वाईट वाटतं. इकडच्या माणसाला नेमकं काय दिसतंय, काय ऐकू येतंय, हे तिकडे कुणी आधी बघून घेत नाही. बहुतेक घोळ त्यातूनच होतात.

सगळ्यात आधी आवाज. चित्र अडकलं तर लोक सांभाळून घेतात, पण आवाज तुटायला लागला की थोड्याच वेळात मेल उघडून बसतात. इंग्रजी ही दोन्हीकडच्या लोकांची दुसरी भाषा. त्यांना आपले उच्चार नवे, आपल्याला त्यांचे. त्यात लॅपटॉपचा माइक पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या बांधकामावरचं ड्रिल, सगळं गोळा करून पाठवतो. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात म्हणून आपलं बोलणंही तसंच जात असेल, असं धरून चालू नका. बऱ्याच हेडफोनमध्ये माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. वायरचा साधा हेडसेट घ्या. आदल्या दिवशी मित्राला कॉल लावा आणि स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका.

आवाज पोचायला वेळही लागतो. एका बाजूचा आवाज दुसरीकडे 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापेक्षा उशीर वाढत गेला की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. घरचं वायफाय, कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) आणि समुद्राखालची केबल असा प्रवास असल्यावर हे व्हायचंच. म्हणून प्रश्न विचारला की मनातल्या मनात तीन आकडे मोजा आणि गप्प राहा. आपल्याकडे ती शांतता लगेच भरून काढायची सवय आहे. इकडचा माणूस तेवढ्यात म्यूट काढत असतो.

आता स्लाइड. मध्यंतरी पुण्याच्या एका मुलीने ब्रेकच्या तापमानाचा आलेख दाखवला. एका चौकोनात सहा रेषा, खाली बारीक अक्षरं. तिच्या टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर ते स्वच्छ दिसत असणार. माझ्या शेजारचा सहकारी मात्र छोट्या लॅपटॉपवर नाक टेकवून बघत होता. ‘जुन्या ब्रेक पॅडची रेषा कुठली?’ त्याने विचारलं. ‘लाल,’ ती म्हणाली. आमच्याकडे लाल आणि नारिंगी एकच दिसत होतं, कारण स्क्रीन शेअर करताना चित्र दाबून पाठवलं जातं आणि बारीक रंगीत रेषा एकमेकींत मिसळतात. पोरगी हुशार. तिने तिथल्या तिथे चार रेषा काढून टाकल्या, उरलेल्यांतली एक जाड केली आणि टोकाला नाव लिहिलं. नवा पॅड उतारावर कमी तापतो, हे पुढच्या क्षणी सगळ्यांना कळलं. त्यानंतरचे प्रश्न खऱ्या कामाचे होते. एका स्लाइडवर एकच मुद्दा, आणि तो लॅपटॉपच्या पडद्यावर हातभर अंतरावरून वाचता यायला हवा, एवढं पाळलं तरी खूप फरक पडतो.

आकड्यांकडेही बघा. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात आणि हजारांसाठी टिंब. म्हणजे 1.250 हे इथल्या डोळ्यांना साडेबाराशे वाटतं, आपल्याला सव्वा. लाख-कोटी तर स्लाइडवर नकोतच. एकक लिहा आणि आकडा तोंडानेही सांगा.

नेहमी दिसणारी आणखी एक चूक: पॉवरपॉइंटची खिडकी शेअर करायची आणि मग स्लाइड शो सुरू करायचा. शो दुसऱ्या खिडकीत उघडतो. तुम्ही सातव्या स्लाइडवर असता, इकडे बऱ्याचदा पहिलीच दिसत राहते. आधी शो सुरू करा, मग तीच खिडकी शेअर करा. अख्खी स्क्रीन शक्यतो नकोच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेले आजोबांचे रिपोर्ट बारा अनोळखी माणसांनी का वाचावेत? पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि पीडीएफ आधीच इकडे कुणाला तरी पाठवून ठेवा.

आणि न विचारता रेकॉर्डिंग सुरू करू नका. जर्मन दंडसंहितेच्या कलम 201 नुसार खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. स्वतःच्या फोनवर, नंतर ऐकायला म्हणून केलं तरी. आधी सगळ्यांना विचारा, कुणी नको म्हणालं तर नोट्स काढा.

शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारल्यावर इकडून काहीच येत नाही आणि पुण्यातल्या मंडळींचा चेहरा पडतो. इथल्या विद्यापीठांत व्याख्यान आवडलं की बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. स्क्रीनवर तेही नाही. शांत आहेत म्हणजे नाराज आहेत, असं समजू नका. एका माणसाचं नाव घेऊन नेमकं विचारा: ‘या तापमानाला तुमचं सील टिकेल का?’ उत्तर येतंच. आणि त्यांचा प्रश्न कळला नाही तर ‘हो हो’ म्हणू नका. परत विचारलेलं इथे कुणाला खटकत नाही. चुकीचा ‘हो’ मात्र पुढच्या मीटिंगमध्ये नक्की निघतो.

वेळेचं राहिलंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेतीनचा. मीटिंगचं निमंत्रण भारतीय वेळेत लावलेलं असेल तर त्या सोमवारी ती इकडच्या कॅलेंडरवर तासभर सरकते आणि दुसऱ्या मीटिंगवर जाऊन बसते. आदल्या शुक्रवारीच वेळ पक्की करून घ्या.