वारा कुठून आहे गं आज?

आमच्या आईचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. धुणं पिळून बादलीत तयार असायचं. ती मला गॅलरीत पिटाळायची आणि मी समोरच्या कौलांवरून दिसणाऱ्या धुराकडे बघून सांगायचे, "माहूलकडून." मग सगळं धुणं आत, स्वयंपाकघरातल्या दोरीवर. वारा दुसरीकडून असला तरच गॅलरीतली तार वापरायची.

कधी अंदाज चुकायचा. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिळाहून बारीक काळे कण बसायचे. ते हाताने झटकायचे नाहीत, हे मी चौथीत असतानाच शिकले होते. बोट लागलं की कण फुटतो, त्याची तेलकट रेघ ओढली जाते आणि मग साबणाच्या बापालाही ती जात नाही. सदरा खांद्यांना धरून पालथा करायचा आणि आतल्या बाजूने टिचक्या मारायच्या. मी आणि माझी धाकटी बहीण दोन बाजूंनी धरायचो, आई टिचक्या मारायची.

हे सत्तरच्या दशकातलं चेंबूर, वाशी नाक्याजवळची चाळ. ते कण नेमके कुठल्या चिमणीतले, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आसपास तेलशुद्धीकरणाचे कारखाने होते, खतांचा कारखाना होता, वीज केंद्र होतं, शिवाय घरोघरी स्टोव्ह आणि शेगड्या. आणि त्यातल्या टाटांच्या ट्रॉम्बे वीज केंद्रात, ज्याला आमच्याकडे सगळे पॉवर हाऊस म्हणत, माझे बाबा बॉयलर मेंटेनन्सला फिटर होते. त्यामुळे आमच्या घरात धुराबद्दल बोलायची एक रीत ठरून गेली होती. आई वाऱ्याला बोल लावायची, चिमणीला नाही.

बाबा गेले त्याला आता चौदा वर्षं झाली. मी पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. बाबांचा अभिमान आणि आईची दोरी, दोन्ही माझ्याच घरातलं आहे. त्यातलं एक धरून दुसरं सोडणं मला जमणार नाही.

मुंबईची वीज स्वच्छ आहे असं आमच्या लहानपणी अभिमानाने सांगितलं जायचं, कारण ती घाटावरच्या पाण्यातून यायची. ते अर्धंच खरं. शहराची सुरुवातीची वीज वाडीबंदरला कोळसा जाळून झाली, १९०५मध्ये. १९०७मध्ये विजेची ट्राम धावली. वाढती मागणी भागेना म्हणून १९१२मध्ये माझगावला कुसारा केंद्र उभं राहिलं. मग १९१५मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र, १९२२मध्ये भिवपुरी, १९२७मध्ये भिरा. गिरण्या वाफेवरून विजेवर आल्या. १९२५मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची लोकल धावली. गिरणगावात धूर कमी झाला आणि मुळशीत गावं पाण्याखाली गेली. सेनापती बापटांनी मुळशीचा लढा उगीच उभारला नव्हता. मुंबईत दिवा लागला की त्याची किंमत दुसरीकडे कुणीतरी मोजतंय, हे तेव्हापासून चालू आहे. पन्नासच्या दशकात पाण्याची वीज पुरेना झाली आणि ती किंमत शहराच्याच एका कोपऱ्यात मोजायचं ठरलं. टाटांचं ट्रॉम्बे औष्णिक केंद्र १९५६मध्ये सुरू झालं.

जागा हीच का, हे बाबा फार छान सांगायचे. बॉयलरला इंधन लागतं, ते जहाजाने आणायचं तर धक्का हवा. वाफ थंड करून तिचं परत पाणी करायचं तर थंड पाणी लागतं, ते खाडीत अमाप. आणि वीज जितकी लांबून आणावी तितकी तारांमध्ये वाया जाते, म्हणून शहर जवळ हवं. माहूलच्या किनाऱ्यावर हे तिन्ही होतं. चौथी गोष्ट, तिथे माणसं राहतात, कोळी राहतात, ही कुणाच्या हिशेबात नव्हती. हे वाक्य माझं आहे, बाबांचं नाही.

शहाबादी फरशीवर खडूने ते बॉयलर काढून दाखवायचे. "ह्याच्या आतल्या भिंती विटांच्या नाहीत हं. नळ्या. एकीला एक चिकटून उभ्या नळ्या, आत पाणी. कोळसा शेगडीसारखा नाही जळत. मिलमध्ये दळून त्याचं पीठ करायचं आणि हवेबरोबर आत फुंकायचं." नळी फुटली की बॉयलरच्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळते आणि जुन्या माणसाला ती यंत्राच्या आधी कळते, असं ते म्हणायचे. मग युनिट, म्हणजे तो बॉयलर आणि त्याच्या वाफेवर चालणारं जनित्र, बंद, दोन दिवस थंड होऊ द्यायचं, मॅनहोलमधून आत शिरायचं, परांचीवर उभं राहून वेल्डिंग करायचं. शटडाऊन असला की बाबा घरी येत ते कानामागे राख घेऊन. आई त्यांना मोरीत बसवून ओल्या पंच्याने कान पुसायची. राखाडी, अगदी मऊ राख, टाल्कम पावडरसारखी. ती पंच्यावर दिसायची तशी मला अजून दिसते.

आणखी एक हिशेब त्यांनी मला शिकवला. "शंभर रुपयांचा कोळसा जाळला, तर पस्तीस रुपयांची वीज." बाकीचे पासष्ट कुठे जातात? थोडे चिमणीतून, बरेचसे खाडीच्या पाण्यात. पुढे पंचवीस वर्षं मी वर्गात उष्णतेचा धडा याच हिशेबाने शिकवला. पुस्तकातल्या सूत्रापेक्षा तो पोरांना लवकर कळायचा.

१९८४मध्ये पाचवं युनिट सुरू झालं, ५०० मेगावॅटचं. एवढं मोठं युनिट देशात पहिलंच. कोळसा, तेल, गॅस, काहीही चालणारा बॉयलर. त्या दिवशी बाबांनी चाळीत पेढे वाटले होते. शेजारचे काका म्हणाले, "तुमच्या पॉवर हाऊसमुळे आमचा पंखा फिरतो", आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते खोटं नव्हतं. मला ते आजही खोटं वाटत नाही. पुढे १९९०मध्ये सहावं युनिट आलं, मग गॅसवरचं १८० मेगावॅटचं सातवं, २००९मध्ये २५० मेगावॅटचं आठवं. पहिली छोटी युनिटं आणि सहावंसुद्धा कालांतराने निवृत्त झाली. आज कोळशावर पाचवं आणि आठवं उरलंय, म्हणजे ७५० मेगावॅट. माझ्या बाबांनी पेढे वाटलेलं युनिट चाळिशी ओलांडून गेलं, अजून चालतंच आहे.

शाळेत मी दर जानेवारीत सातवीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचे. काचपट्टीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्यायचा, पट्टी खिडकीच्या चौकटीवर ठेवायची, दोन दिवसांनी भिंगाखाली बघायची. चौकोनी सेंटीमीटर आखून कण मोजायचे. जानेवारी एवढ्यासाठी की थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, धूर वर जात नाही, झाकण ठेवल्यासारखा खाली दबून राहतो. मुलं घरून काचा भरून आणायची. माहूलची, गव्हाणपाड्याची, कॅम्पातली. एका मुलीच्या काचेवर कण मोजता येईनात इतके होते. ती रडवेली झाली, तिला वाटलं प्रयोग चुकला. मी तिला सांगितलं, तुझाच बरोबर आहे.

वर्षागणिक मोठे काळे कण कमी होत गेले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चिमणीआधी धूर विजेच्या भारित पत्र्यांमधून नेतात, ज्याला कामगार ईएसपी म्हणतात, त्यात बहुतेक राख पकडली जाते. तीच राख पुढे सिमेंटमध्ये आणि काँक्रीटमध्ये जाते. ट्रॉम्बेला येतो तो कोळसाही इंडोनेशियाचा, कमी राखेचा आणि कमी गंधकाचा. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाचव्या युनिटला समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसली, देशातली अशी पहिली. खारं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी असतं, ते गंधकाचा वायू शोषून घेतं, मग त्यात हवा फुंकून ते परत खाडीत सोडतात. देशातल्या बहुतेक केंद्रांना आजही असलं काही बसलेलं नाही. २०१५मध्ये केंद्र सरकारने नियम केले, मुदत पुढे पुढे सरकली, आणि २०२५च्या जुलैमध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र २०२७च्या अखेरपर्यंत ते सक्तीचं आहे.

मग काळजी कशाची? आईच्या धुण्यावर दिसायचं ते थांबलं, म्हणून सगळ्यांना वाटलं धूरच थांबला. माझी व्हॅसलीनची काच फक्त जाडेभरडे कण दाखवते. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो भिंगाला दिसत नाही, नाकातल्या केसांना अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचेसुद्धा असे सूक्ष्म कण बनतात, आणि तेही चिमणीपासून कित्येक किलोमीटर लांब. कार्बन डायऑक्साईड तर कुठल्याच पाण्याने धुतला जात नाही. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे तो साधारण एक किलो निघतो. सातवीच्या मुलांना मी म्हणायचे, तुमचं महिन्याचं बिल शंभर युनिटचं असेल तर एक क्विंटल. मुलं गप्प व्हायची.

खाडीबद्दल मला शिकवलं ते माहूलच्या एका आजींनी. नात माझ्या वर्गात होती, त्या तिला न्यायला यायच्या, टोपली शाळेच्या फाटकाशी ठेवून. निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, कशा पकडायच्या ते त्यांनी हाताने दाखवलं होतं. ओहोटीला चिखलात कोपरापर्यंत हात घालायचा, बीळ दोन तोंडांचं असतं, एक बुजवायचं. "आता एक टोपली भरायला तीन भरत्या लागतात बाई," म्हणाल्या. त्याला कारण एक नाही. शहराचं सांडपाणी आहे, तेलाचा तवंग आहे, भराव आहेत, कोमट होऊन परत येणारं पाणी आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, एवढं मी सांगू शकते. याच चिखलात हिवाळ्यात फ्लेमिंगो हजारोंनी उतरतात आणि लोक म्हणतात, बघा, खाडी किती छान आहे. फ्लेमिंगोंना लागतं ते शेवाळ सांडपाण्यावरही पोसतं. पक्षी आले म्हणून निवट्या परत आल्या असं होत नाही.

२०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहूल आणि आंबापाड्याच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं नोंदवलं. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतची तोडलेली घरं सोडून आलेल्या कुटुंबांना माहूलच्याच इमारतींत पाठवलं गेलं. त्यांनी महिनोन्‌महिने धरणं धरलं. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, इथे पाठवू नका, दुसरं घर द्या नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. जिथे राहायला पाठवू नये असं न्यायालय म्हणतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळ्यांनी काय समजायचं? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

केंद्र बंद होणार असं आजवर अनेकदा छापून आलं आणि दर वेळी मुदत पुढे गेली. का जाते, ते १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळ्यांनी पाहिलं. सकाळी दहाच्या सुमारास बाहेरून येणाऱ्या वीजवाहिन्या खंडित झाल्या आणि मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी, कोविडच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर. देशाचं ग्रीड कोसळलं तरी शहर वेगळं काढून चालू ठेवण्याची आयलंडिंगची व्यवस्था १९८१पासून मुंबईत आहे, बाबांना तिचा फार गर्व होता. त्या दिवशी ती टिकली नाही. पण ती टिकायला शहराच्या आत चालू युनिट लागतं, हा युक्तिवाद खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४,००० मेगावॅटच्या वर जाते.

पण त्याला उत्तरंही आहेत. खारघर ते विक्रोळी ४०० केव्हीची वाहिनी २०२३मध्ये सुरू झाली. ती व्हावी असं वर्षानुवर्षं बोललं जात होतं, जागेअभावी रखडली होती. कुडूस ते आरे १,००० मेगावॅटचा मार्गही हाती घेतला गेला, बराचसा जमिनीखालून. बाहेरून वीज आणायची दारं रुंद होत आहेत. गॅसचं युनिट आहे, घाटावरची धरणं आहेत आणि जलविद्युत केंद्र मिनिटांत चालू होतं. कोळसा आता शेवटचा आधार म्हणून ठेवायचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं, किती तास, कुठल्या दिवशी, आणि शेवटची तारीख कोणती. आणि जमिनीजवळची हवा माहूलच्या वस्तीत मोजून तिचे आकडे मराठीत, नाक्यावर, रोज लावावेत. चिमणीच्या तोंडाशी मोजलेली हवा आमच्या नातवंडांच्या नाकात येत नाही.

आई आता ८६ वर्षांची आहे. चाळ जाऊन इमारत झाली, आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, धुणं मशीनमध्ये वाळतं. खिडकीत बसली की माहूलकडच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या तिला दिसतात. परवा तिने विचारलं, "आता धूर दिसत नाही, म्हणजे ह्यांचं पॉवर हाऊस बंद झालं का गं?" मी सांगितलं, चालू आहे. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. म्हणाली, "मग सदरे बाहेर घालायला हवे होते."

माझ्या जुन्या शाळेत आता जी बाई विज्ञान शिकवते ती माझीच विद्यार्थिनी, भरून गेलेली काच आणणारी. तिला मी गेल्या आठवड्यात उरलेल्या काचपट्ट्या आणि भिंग नेऊन दिलं. सूक्ष्म कण मोजणारं एक छोटं यंत्र आम्ही दोघींनी पैसे घालून घेतलंय, ते काचेच्या शेजारी ठेवायचं. काच स्वच्छ आणि आकडा मोठा, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकत्र बघावं एवढंच मनात आहे. शनिवारी अकरा खिडक्यांत काचा ठेवल्या आहेत. सोमवारी सकाळी काढायच्या.